घरची भाषा, एकच रेघ

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सात नंबरची गाडी रस्त्याच्या डोक्यावरून धावते. जॅक्सन हाइट्सला उतरून जिना उतरू लागलं की खालून बंगाली, स्पॅनिश, नेपाळी, पंजाबी, तिबेटी एकमेकींत मिसळून वर येतात. भाजीवाल्याशी घासाघीस एकीत, फोनवर आईशी दुसरीत, कडेवरच्या लेकराला दटावणं तिसरीत. मी तिथे उगीच रेंगाळते. मराठी क्वचितच कानी पडते, तरी घरच्यासारखं वाटतं.

क्वीन्समधली निम्म्याहून अधिक माणसं घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात. १९८०पासून अमेरिकेचा जनगणना विभाग हे विचारत आला आहे: घरी दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत बोलता? उत्तरं चार: खूप चांगलं, चांगलं, फारसं नाही, मुळीच नाही. परीक्षा कुणी घेत नाही, ज्याचं त्यानं सांगायचं. नुसतं ‘चांगलं’ म्हटलं तरी माणूस इंग्रजी कमी येणाऱ्यांत धरला जातो. संकोचापायी कितीतरी आयांनी एक पायरी खालची खूण केली असेल, असं मला वाटतं.

ही मोजणी वाया जात नाही. मतदान हक्क कायद्यात १९७५मध्ये भाषेची कलमं आली आणि अशाच आकड्यांच्या बळावर २०१३पासून क्वीन्सच्या काही केंद्रांवर बंगाली मतपत्रिका मिळू लागली. दवाखान्यात दुभाषी हवा, तोही याच आकड्यांवरून मागता येतो. तो नसला की शाळकरी मुलगी आईची दुभाषी होते. रात्री छातीत कसं भरून येतं, कुठे कळ जाते, हे आई तपशिलानं सांगते आणि लेक दोन शब्दांत डॉक्टरांपुढे ठेवते. आईचं दुखणं मुलीच्या शब्दांएवढंच उरतं. त्या वयाच्या पोरीवर हे ओझं असू नये.

आमच्या मराठी घरांत अडचण उलटी आहे. इंग्रजी सगळ्यांना ‘खूप चांगलं’ येतं. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं, आणि कागदावर ते घर मराठी राहतं.

भारताच्या जनगणनेत मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा सांगता येतात. इथल्या फॉर्मवर घरच्या भाषेसाठी रेघ एकच. याच शहरात मुस्तांगहून आलेली सेके बोलणारी माणसं राहतात. नेपाळमधल्या पाच गावांची ही भाषा, जगभरात बोलणारे जेमतेम सातशे. त्यांच्यातल्या एखाद्या आजीला सेके येते, तिबेटी येते, नेपाळी येते. फॉर्म भरणारा नातू घाईत ‘नेपाळी’ लिहून मोकळा झाला, तर सेके घरात असूनही हिशेबात नाही. इंग्रजी कितपत येतं, हे नातवाला विचारलं जातं. आजीशी सेकेत कितपत बोलतोस, हे कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न तिथे हवा आहे, आणि त्याच्याखाली तीच चार उत्तरं.