साथसंगत

गाण्याच्या षोकिनांत दोन जाती आढळतात. एकीला गाणे आधी माणसाच्या मुखातून कळते आणि यंत्रातून मागाहून. दुसरीला ते आधी यंत्रातून कळते, आणि गाणारा माणूस उशिरा भेटतो किंवा कधीच भेटत नाही. आपल्या आजोबांची पिढी बहुतांशी पहिल्या जातीची. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिली नाही. तरी ज्यांनी त्यांना ऐकले होते ती माणसे वृद्धपणी त्यांच्या मैफलीचे वर्णन अशा काही तन्मयतेने करीत, की ऐकणाऱ्याला आपण कशाला तरी कायमचे मुकलो, अशी हुरहुर लागावी.

परदेशी संगीताच्या बाबतीत आमची पिढी दुसऱ्या जातीची. १९८७ च्या मार्च महिन्यात डब्लिनच्या 'यूटू' या रॉक वाद्यवृंदाची 'द जोशुआ ट्री' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, आणि यथावकाश तिची एक कॅसेट पुण्यातील वसतिगृहाच्या आमच्या खोलीत येऊन पोहोचली. खोलीत आम्ही चौघे होतो. कॅसेट एकाची, यंत्र दुसऱ्याचे, सेल वर्गणीतून. फीत सैल पडली की शिसपेन्सिल घालून ती गुंडाळायची, हे काम माझ्याकडे होते. शब्द निम्मेअधिक समजत नसत. जे समजत नसत त्यांच्या जागी आम्ही आपापल्या मतीने दुसरे घालून म्हणत असू, आणि त्यावरून भांडणेही होत. पहिल्या बाजूस पाच गाणी, दुसरीस सहा. त्या अकरा गाण्यांवर आमच्या मैत्रीचा पाया घातला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या गायक-वादकांची कथाही आम्हांस फार आवडे, कारण तेही चौघेच. १९७६ साली लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली: वाद्यवृंद काढावयाचा आहे, सोबती हवेत. त्या चिठ्ठीतून जी मंडळी जमली, त्यांतील चौघे पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले. आमचे तसे झाले नाही. एक वकील झाला, एक दुबईला गेला, एक नाशिकच्या कारखान्यात यंत्रे सांभाळू लागला, आणि मी शिकवण्यात गुंतलो. वर्षाकाठी दोनतीन दूरध्वनी आणि त्यांत तेच ते जुने विनोद, एवढ्यावर आमची मैत्री उरली होती. तीही एक ध्वनिमुद्रिकाच झाली होती म्हणा ना.

अशा स्थितीत वार्ता आली, की हा वाद्यवृंद भारतात प्रथमच येणार असून १५ डिसेंबर २०१९ रोजी, रविवारी, नवी मुंबईत नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 'द जोशुआ ट्री' अथपासून इतिपर्यंत सादर करणार आहे. नाशिकच्या मित्राने त्याच दिवशी मला दूरध्वनी केला आणि एरवीचे विनोद बाजूला ठेवून म्हणाला, "जायचे असेल तर याच वेळी जाऊ या. पुढच्या वेळी मला ऐकू येईलच असे नाही."

त्याचे कान काही वर्षांपासून जात चालले होते. या व्याधीत बहुधा वरचे, बारीक स्वर आधी जातात आणि खालचे, घुमारदार स्वर अधिक काळ टिकतात. त्याचे तसेच झाले होते. कानाला यंत्र लावून बोलणे समजे. पण संगीत त्या यंत्रातून पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे लागते, अशी त्याची तक्रार. आणि याच गृहस्थाने ती कॅसेट खोलीत आणली होती! दुबईहून तिसरा आला, वकिलाने तारखा पुढे ढकलून घेतल्या, आणि आम्ही चौघे एका वयस्क वऱ्हाडासारखे, पाण्याच्या बाटल्यांविषयी वाद घालीत, नेरूळला पोहोचलो.

आरंभ विलक्षण साधा होता. लॅरी मलन एकटाच चालत आला, बसला आणि त्याने 'संडे ब्लडी संडे'चा ताल धरला. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. त्या दिवशी तेरा माणसे मेली आणि चौदावा पुढे दगावला. त्या दिवसाचे हे गाणे. जालियनवाला बागेला त्याच साली शंभर वर्षे झाली होती. महाविद्यालयात असताना जे गाणे केवळ ठेक्यासाठी म्हटले, ते आपल्याच घरचे आहे, हे मला त्या मैदानात प्रथम उमगले.

मग सुमारे दोनशे फूट रुंदीचा तो प्रचंड पडदा तांबडा झाला, आणि मूळ कॅसेटचे पहिले गाणे सुरू झाले. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' या गाण्याच्या प्रारंभी गिटारचे बारीक, चमकते स्वर दुरून येत येत जवळ येतात. नाशिककराला कॅसेटवरचा हाच तुकडा सर्वांहून प्रिय होता. लोक ओरडत उभे राहिले. त्याने माझ्याकडे वळून विचारले, "सुरू झाले का?"

मी मान हलवली. त्याच्या खांद्यावर मी बोटांनी त्या स्वरांची चाल वाजवू लागलो. वकिलाने ते पाहिले आणि दुसऱ्या खांद्यावर तेच सुरू केले. थोड्या वेळाने ढोल आणि खर्जाची गिटार आत शिरली. ती कानाने ऐकावी लागत नाही, बरगड्यांना कळते. त्याने समोरच्या लोखंडी कठड्यावर तळहात टेकले, डोळे मिटले, आणि अगदी ठिकाणावर, एका मात्रेचीही चूक न करता, तो गाऊ लागला. शब्द अर्थातच आमच्या खोलीतले चुकीचेच होते. 'विथ ऑर विदाउट यू'मध्ये खर्जातले तेच चार स्वर आवर्तनासारखे फिरत राहतात; ते तर त्याने आमच्याही आधी, हाताने ओळखले. पाचवे गाणे संपले तेव्हा चौघेही क्षणभर थबकलो. कॅसेट उलटण्याची वेळ झाली होती!

प्रत्यक्ष ऐकण्यात यंत्राहून अधिक काय असते, या प्रश्नावर मी पूर्वी पुष्कळ पांडित्य केले आहे. स्वरांची शुद्धता म्हणाल तर ती यंत्रात अधिक. मैदानात वारा, गोंगाट आणि शेजाऱ्याचा बेसूर आवाज यांतून गाणे गाळून घ्यावे लागते. परंतु यंत्राला साथ करणारा लागत नाही, आणि मैफलीला लागतो. घरी आवाज कितीही मोठा केला असता तरी ते बारीक स्वर माझ्या मित्राच्या कानांत शिरले नसते. तेथे ते त्याला दोघांच्या बोटांतून मिळाले.

ज्या जोशुआ वृक्षाचे छायाचित्र त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात घेतले, तो वृक्ष २००० च्या सुमारास उन्मळून पडला. नेरूळच्या मैफलीनंतर अवघ्या तीन महिन्यांत महामारीने सारी मैदाने ओस पाडली. पुढे २०२३ साली लास व्हेगासला हा वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला तेव्हा लॅरी मलन शस्त्रक्रियेतून सावरत होता आणि त्याच्या जागी दुसराच वादक बसला होता. तेही चौघे आणि आम्हीही चौघे एका जागी असण्याचा योग असा एकाच संध्याकाळचा निघाला.

मित्राचे कान आता आणखी मंदावले आहेत. तरी कोणी विषय काढला की तो त्या रात्रीचे वर्णन करू लागतो. गिटारचे पहिले स्वर कसे दुरून आले, मग कसे अंगावर चालून आले, हे तो हातवारे करून सांगतो, आणि तरुण मंडळी आपण काही मुकलो अशा चेहऱ्याने ऐकत राहतात. आम्ही तिघे शेजारीच बसलेलो असतो. त्याचे वर्णन तंतोतंत खरे असते. एका स्वराचीही दुरुस्ती करावी लागत नाही.