अतिवृष्टीतला आपला वाटा

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद झाली, तेव्हा मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस भरला होता आणि कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७३. शहर तेच, समुद्र तोच, मोसमी वारेही तेच. तापमानवाढ काही सांताक्रूझला झाली आणि कुलाब्याला झाली नाही, असं नव्हतं. त्या दिवशी ढगांची उतरंड नेमकी कुठे रचली गेली आणि किती तास तिथेच रेंगाळली, यावर हा फरक ठरला. हवामानाच्या अभ्यासात या दोन आकड्यांइतकी चांगली ताकीद मला दुसरी दिसत नाही. कुठल्याही एका आपत्तीवर बोट ठेवून ‘हा हवामानबदल’ असं झटकन म्हणू नये, हे ते आकडे सांगतात. पण तेवढ्यावर थांबून ‘निसर्गाची लहर, दुसरं काय’ असं म्हणणं तितकंच चुकीचं आहे. प्रत्येक महापुरानंतर आपल्याकडे हे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात आणि दोघेही एकच गृहीत धरून भांडतात, की कारण एकच असलं पाहिजे. माझं म्हणणं असं, की नैसर्गिक चढउतार आणि माणसाने घडवलेली तापमानवाढ ही दोन्ही एकाच घटनेत एकत्र काम करतात. म्हणून विचारायचा प्रश्न ‘कोणामुळे’ हा नाही. कोणाचा वाटा किती, हा आहे. आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्रकारच्या आपत्तीसाठी वेगळं येतं.

आधी निसर्गाचा वाटा पाहू, कारण तो मोठा आहे आणि तो नाकारून काहीच साधत नाही. प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय भाग नेहमीपेक्षा तापला, की एल निनो होतो आणि आपल्या मोसमी पावसाचा जोर बहुधा कमी होतो. १८७७चा दख्खनचा दुष्काळ आणि महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा रुतलेला १९७२चा दुष्काळ, ही दोन्ही एल निनोची वर्षं. भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी जुळवल्या आणि त्यातूनच प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा हेलकावा शास्त्राच्या हाती लागला. मात्र एल निनो एकटा सूत्रधार नसतो. १९९७चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी होता, तरीही त्या वर्षी देशात सरासरीइतका पाऊस पडला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड, अशी जी स्थिती असते तिला ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात. त्या वर्षी तिने मोसमी पावसाला हात दिला. शिवाय पावसाळ्यात जोराचे आणि खंडाचे आठवडे आलटून पालटून येतच असतात. हे सगळं माणसाने कोळशाला हात लावण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं आहे.

आता दुसरा वाटा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि त्याबद्दल वाद नाही. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे एक अंशाने वाढलं, म्हणजे आपल्या मोसमी वाऱ्यांना बाष्प पुरवणारा समुद्रच तापला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या बदलाचा माग घेतला आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात १९५१ ते २००० या काळात दिवसाला १०० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना वाढत गेल्या आणि मध्यम पावसाच्या घटत गेल्या. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासात, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्याचं दिसलं. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे आता जास्त लहरी झाले असून ते मधूनच बाष्पाचा मोठा लोंढा आणतात, असं कारण त्यांनी दिलं. याच काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: हंगामाची बेरीज सरासरीच्या जवळ दिसते, पण पिकाला हवी ती झडीची रिपरिप कमी होते, मध्ये लांबलचक खंड पडतो आणि मग एका दिवसात शेत खरवडून निघतं.

इथे एक रास्त शंका येते. बाष्प ७ टक्क्यांनी वाढलं तर अतिवृष्टी दुप्पट-तिप्पट कशी होईल? थोडी आकडेमोड केली की उलगडतं. अतिवृष्टीची सीमा १५० मिलिमीटर धरली, तर १४१ मिलिमीटरचा दिवस त्या यादीत येत नाही. त्यात ७ टक्के मिळवले की तो १५०च्या पुढे जातो. सीमेच्या किंचित खाली असणारे असे दिवस बरेच असतात. त्यामुळे सरासरीतला छोटा बदल टोकाच्या घटनांची संख्या भराभर वाढवतो. वाऱ्यांचा लोंढाही त्यात मिळाला, की वाढ आणखी मोठी होते. मुंबईत उधाणाच्या दिवशी लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते, तेव्हा काम लाटेचं की भरतीचं, असं कोणी विचारत नाही. ओहोटीला तीच लाट कठड्याच्या पायाशी फुटली असती. नैसर्गिक चढउतार लाटांसारखे येतात-जातात. तापमानवाढ ही भरती आहे, आणि या भरतीला अजून ओहोटी लागलेली नाही.

२०१९चा पावसाळा या दोन्हींची गाठ स्पष्ट दाखवतो. जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पाऊस झाला आणि हंगाम संपला तो सरासरीच्या ११० टक्क्यांवर. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या गावांना टँकर पाणी देत होते. पाऊस उशिरा जोर धरणार, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तो कोसळणार आणि मराठवाड्याला हुलकावणी देणार, ही मांडणी निसर्गाची होती. त्या वर्षी इंडियन ओशन डायपोलही विलक्षण प्रबळ होता. पण त्या मांडणीला जे बाष्प मिळालं, ते तापलेल्या समुद्राचं होतं.

वाटा मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. आजच्या हवामानात अशी घटना किती वेळा घडेल आणि माणसाने हरितगृह वायू सोडलेच नसते तर किती वेळा घडली असती, याची जुन्या नोंदी आणि संगणकीय प्रारूपं यांच्या आधारे तुलना करतात. उष्णतेच्या लाटांबाबत उत्तर सर्वांत ठाम येतं. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात जी उष्णता पडली, तिची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे ३० पट वाढली होती. ‘आयपीसीसी’ या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार, पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता पृथ्वी एक अंशाने तापल्यावर २.८ पट वारंवार येते, तर तशीच दुर्मीळ अतिवृष्टी १.३ पट. काही वेळा उत्तर नकारार्थीही येतं. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा जोरदार एल निनो होता. तिथल्या पावसात तापमानवाढीचा ठसा शोधणाऱ्यांना तो सापडला नाही. जे शास्त्र कधी कधी ‘नाही’ म्हणतं, त्याच्या ‘हो’ला वजन असतं.

‘दुष्काळ, महापूर पूर्वीही होतेच की’ हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. एखादी गोष्ट पूर्वी निसर्गत: होत होती, यावरून ती आता वारंवार होण्यात माणसाचा हात नाही, असं सिद्ध होत नाही. तापमानवाढच मुळी नैसर्गिक असेल, असाही एक आक्षेप असतो. सूर्याच्या तेजाची मोजणी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह करत आहेत आणि तीत वाढीचा कल नाही. सूर्य कारण असता, तर वातावरणाचा वरचा स्तर, स्थितांबर, खालच्या स्तरासोबत तापला असता. प्रत्यक्षात तो थंड होतो आहे आणि हरितगृह वायूंच्या परिणामाची खूण नेमकी हीच आहे. महासागरांच्या अंतर्गत चक्रामुळे हवा तापत असती, तर समुद्राने आपली उष्णता हवेला दिली असती आणि तो स्वत: निवला असता. इथे तर साठलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रातच गेला आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मला वेगळाच वाटतो: मोसमी पावसाचे चढउतार इतके मोठे, की शे-दीडशे वर्षांच्या नोंदीत लहानसा कल हरवून जातो. दुष्काळाबाबत हे मला मान्य आहे. एखाद्या वर्षीची पावसाची तूट तापमानवाढीच्या खात्यावर टाकणं मी टाळेन. एकूण पावसातल्या घटीत धूर-धुळीच्या कणांच्या प्रदूषणाचाही हात आहे. पण पाऊस कमी पडणं आणि त्याची झळ बसणं यांत फरक असतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ नंतरचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनोचं वर्ष होतं, म्हणजे तूट बरीचशी निसर्गाची. मात्र तोच सर्वांत उष्ण ऑगस्टही होता. तेवढ्याच तुटीत तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक वेगाने शोषून घेते, आणि उभं पीक आधी माना टाकतं.

वाट्याचा हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो तो जबाबदारीसाठी. सगळं निसर्गावर ढकललं, की वायूंचं उत्सर्जन कमी करण्याची गरज उरत नाही. सगळं हवामानबदलावर ढकललं, की नदीपात्रात बांधकामांना परवानगी देणारे आणि नाले बुजवणारे सुटतात. २००५ मध्ये मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही ओहोटी असेल तर चालणारी अशी होती. मिठी नदीचं पात्र आवळलं गेलं होतं. तो दोष ना निसर्गाचा, ना कार्बनचा. पण आता तासाला ५० मिलिमीटर हा आकडा धरतानाही जुन्याच नोंदींवर विसंबणं पुरेसं नाही. धरणाचा सांडवा, पुलाची उंची, नदीची पूररेषा, पीकविम्याचे निकष, हे सगळं ‘शंभर वर्षांतून एकदा’ अशा गणितावर उभं असतं, आणि ते गणित ज्या हवामानातून काढलं ते हवामान आता राहिलेलं नाही. एल निनो कधी येणार हे आपल्या हाती नाही. त्याचा अंदाज काही महिने आधी मिळतो, तेवढा वापरता येतो. समुद्र आणखी किती तापणार हे मात्र पुष्कळसं माणसाच्याच हाती आहे. म्हणून पूररेषा नव्या पावसाप्रमाणे आखणं आणि कोळसा-तेलाचा वापर घटवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील. एकाचं निमित्त करून दुसरं टाळण्याला शास्त्राचा आधार नाही.