टूमस्टोनमध्ये क्लेमेंटाइन नव्हती

"त्या सिनेमात माणसं खरी, नायिका तेवढी खोटी," असं एक मित्र बोलता बोलता म्हणाला. सिनेमा म्हणजे जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६), माझं जुनं वेड. मग खरी नायिका कोण, हा भुंगा डोक्यात घेऊन अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला, सिनेमा जिथे घडतो त्या टूमस्टोनला पोचलो.

टूमस्टोन चांदीवर वसलं. एड शीफलिन १८७७ मध्ये अपाचेंच्या मुलखात खनिज धुंडायला निघाला, तेव्हा लोकांनी त्याला बजावलं होतं की तिथे तुला तुझ्या थडग्याचा दगडच (टूमस्टोन) मिळेल. त्याला चांदी मिळाली आणि त्याने खाणीला तेच नाव ठेवलं. पुढे खाणींत पाणी भरलं. आता गाव जगतं ते २६ ऑक्टोबर १८८१ च्या जेमतेम तीस सेकंदांच्या गोळीबारावर. वायट अर्प, त्याचे दोन भाऊ आणि डॉक हॉलिडे एका बाजूला; दुसऱ्या बाजूचे तिघे मेले. लढाईला नाव ओ. के. कोरलचं. तो घोड्यांचा तबेला, पण गोळीबार झाला तो जवळच्या मोकळ्या जागेत. तिकीट मात्र तबेल्याच्या नावावर फाडतात. आमच्या गाइडला काही विचारावं तर तो विनोद सांगे. बूटहिलची स्मशानभूमी आणि बर्ड केज थिएटर मी उभ्या उभ्या उरकलं.

फोर्ड म्हणे, ही लढाई खुद्द वायटने मला सांगितली. मग ऐकताना त्याचं लक्ष कुठे होतं? गावाचा मार्शल वायट नव्हे, त्याचा भाऊ व्हर्जिल. सिनेमातला खलनायक म्हातारा क्लँटन लढाईच्या दोन महिने आधीच मेलेला. डॉक शल्यविशारद नव्हे, दाताचा डॉक्टर. तो क्षयाने १८८७ मध्ये कोलोरॅडोत गेला. मित्राचं वाक्य तिथेच अर्धं पडलं.

खरी नायिका जोसेफिन मार्कस. आधी शेरीफ बीहनबरोबर राहणारी, मग वायटची. १९२९ मध्ये तो वारला तोवर त्याच्याबरोबर. टूमस्टोनमधले दिवस तिने जन्मभर झाकले. स्टुअर्ट लेकने वायटचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा ती त्याच्या मागेच लागली, आणि १९३१ च्या त्या पुस्तकातून ती जवळजवळ गायब झाली. सिनेमा त्याच पुस्तकावर बेतलेला. रिकाम्या जागी क्लेमेंटाइन आली. १९७६ मध्ये ग्लेन बॉयरने जोसेफिनच्या आठवणी म्हणून एक पुस्तक छापलं. वाचताना बाई फार खुसखुशीत वाटते. पण त्यातलं बरंचसं बॉयरचंच, असं इतर संशोधकांनी दाखवल्यावर अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते मागे घेतलं. पुरावा नसेल तिथे इतिहासकाराने गप्प बसावं, कथा रचायला फोर्ड होताच की.

या सगळ्यात मॅटी ब्लेलॉक कुणाच्याच कामाची नव्हती. वायटची बायको म्हणून ती टूमस्टोनला आली होती. १८८२ मध्ये तो अ‍ॅरिझोना सोडून गेला, तो तिच्याकडे परतलाच नाही. अफूच्या अर्काने ती १८८८ मध्ये पायनलला मेली. तिची कबर सुपीरियर गावाजवळ आहे. उत्तरेकडे मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना वाट वाकडी करून तिथे गेलो आणि पुढचे बेत सगळे ढिले पडले.

मॉन्युमेंट व्हॅली टूमस्टोनपासून सातशे किलोमीटरहून लांब, पण फोर्डने आपलं टूमस्टोन उभारलं ते इथे, नवाहोंच्या भूमीवर. १८६४ मध्ये सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेऊन डांबलं. १८६८ च्या तहानंतर ते परतले. त्याच भूमीवर फोर्डचा वायट एका दारुड्या इंडियनाला लाथ मारून गावाबाहेर काढतो. पूर्वी या प्रसंगाला मी हसायचो. इथे तो आठवणंही नको झालं.

तरी लाल खडकांसमोर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे आला तो नाच. अर्धवट बांधलेलं चर्च, नुसती लाकडी जमीन, वर मोकळं आकाश, आणि वायट झालेला हेन्री फोंडा अवघडल्या पायांनी क्लेमेंटाइनला घेऊन नाचतोय. शेवटी फोर्डने दोघांचं नुसतं हस्तांदोलन ठेवलं होतं. गालावरचं चुंबन स्टुडिओप्रमुख झॅनकने नंतर घुसवलं. फोर्डचंच बरोबर होतं.

एकाच ठिकाणी जाणं जमणार असेल तर टूमस्टोन सोडा, व्हॅलीत जा. मात्र सुपीरियरवरून जा.