लॅमिंग्टन रोडवरची नाडीपरीक्षा

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेस उतरून थोडे चाललात की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण मुंबईकराची जीभ एकदा वळली की ती पाटीला दाद देत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते गेले. १९७५ साली ‘शोले’ने गाजवलेले मिनर्व्हा थिएटरही गेले. राहिली ती विजेच्या किडुकमिडुकाची बाजारपेठ. इथली दुकाने म्हणजे नुसते खणच खण. गिऱ्हाईक वस्तूचे नाव सांगत नाही, नंबर सांगते, आणि दुकानदार न बघता नेमक्या खणात हात घालतो.

आमच्या शेजारच्या टॅक्सीवाल्या मामांबरोबर मी तिथे गेलो, तेव्हा त्यांच्या पिशवीत गाडीचा मेंदू होता. हल्ली इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे सगळे ठरवणारी एक चपटी पेटी असते. तिला मेकॅनिक मंडळी ‘ईसीएम’ म्हणतात. मामांच्या गाडीचा तिसरा सिलिंडर मुका झाला होता. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कॉइल बदलली. नवी कॉइल चहाच्या किटलीसारखी तापली, पण ठिणगी नाही! “पेटीच नवी घ्या,” असा निकाल मिळाला. नव्या पेटीची किंमत म्हणजे मामांची दोन महिन्यांची कमाई, आणि टॅक्सी चार दिवस दारात उभी.

एका जिन्याखालच्या खोलीत दुरुस्ती करणारे दादा बसले होते. सोनाराचे भिंग डोळ्याला. त्यांनी पेटीला हात लावण्याआधी मामांना खोदून खोदून विचारले. कॉइल तापली म्हणताच त्यांचा चेहरा खुलला.

“मामा, कॉइलमधला प्रवाह तोडला की ठिणगी पडते. तो तोडणारा ट्रांझिस्टर आत आहे. तो चिकटून बसला, तर प्रवाह तुटणार कसा? कॉइल तापतच राहणार.”

झाकण उघडले. मला वाटले, जळका डाग दिसेल. पण सगळे कसे लख्ख! दादांनी तिसऱ्या कॉइलच्या पिनपासून तांब्याची रेघ पकडली आणि बोट नेले ते थेट एका काळ्या चौकोनापाशी. शेजारी तसेच आणखी तीन. मीटरची टोके लावली: पहिला, दुसरा, चौथा, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे. तिसऱ्यावर शून्य, आणि मीटर कोकलला.

मामा म्हणाले, “सापडला चोर!”

“थांबा. बोर्डावरची साक्ष अर्धी असते. त्याच रेघेवर दुसरे कोणी शॉर्ट असले तर?” गरम हवेने त्यांनी तो चौकोन उचलला आणि सुटा मोजला. तेव्हाही शून्य. रेघेवरचा शॉर्ट मात्र नाहीसा झाला होता. आता कुठे त्यांनी मान डोलावली.

खरी पंचाईत पुढेच होती. त्यावरचा नंबर कारखान्याचा घरगुती. बाजारातल्या कुठल्याच यादीत नाही. “तीन पायांचा कुठलाही बसवा की,” मामा घायकुतीला येऊन म्हणाले. पण बारा व्होल्टच्या या गाडीत प्रवाह तुटण्याच्या क्षणी त्या ट्रांझिस्टरवर तीन-चारशे व्होल्टांचा तडाखा बसतो, हे ऐकून ते गप्प झाले. चमकत्या छपाईचे नवे ट्रांझिस्टर बाजारात मिळत. दादांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, आणि मला वाटते तो अविश्वास रास्त होता. त्यांनी भंगारातून आणलेली त्याच जातीची पेटी काढली, तिच्यातला ट्रांझिस्टर मोजून घेतला आणि मामांच्या पेटीत बसवला. पेटी जुनीच राहिल्याने चावीची ओळखही शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही सिलिंडर बोलू लागले. दादांनी मजुरी सांगितली ती मामांच्या दोन दिवसांच्या धंद्याइतकी.

“आणि जुनी कॉइल कुठाय?”

“डिकीत. अडीअडचणीला असू दे म्हटले.”

“तिनेच हा मारला असणार. द्या इकडे,” म्हणून दादांनी ती मागून घेतली, हातोडीने तिचे तोंड चेचले आणि मगच मजुरीचे पैसे मोजले.