फिजिक्सचा मास्तर व्हायचंय? मग हे पूर्ण वाचा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी चार-पाच जण तरी विचारतात, "सर, मले फिजिक्स शिकवाचं आहे. काय करा लागते?" नीट-जेईईच्या गर्दीत असं विचारणारं पोरगं भेटलं की बरं वाटतं. पण त्याच्या मागे उभे असलेले वडील हळूच विचारतात, "सर, लागाले किती लागतात?" म्हणजे नोकरी लागायला पैसे किती. पोराला विषय कळायच्या आधी बापाच्या डोक्यात रेट असतो. त्यांचाही दोष नाही, चौकाचौकात तेच ऐकू येतं. म्हणून दोघांनाही एकदाच सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे.

मी अमरावती विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, मग बी.एड., मग सेट. आज अकोल्यात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि संध्याकाळी शिकवण्या घेतो. म्हणजे रस्ता पायाखालचा आहे.

आधी हिशोब. नववी-दहावीला शिकवायचं तर बी.एस्सी. आणि बी.एड. अकरावी-बारावीला एम.एस्सी. आणि बी.एड. सिनियर कॉलेजला ५५ टक्क्यांसह एम.एस्सी. आणि वर नेट, सेट किंवा पीएच.डी. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. म्हणजे ज्युनियर कॉलेजच्या मास्तरकीसाठी बारावीनंतर ३ + २ + २, सात वर्षं. अठराव्या वर्षी निघालेलं पोरगं पंचविशीत फक्त अर्ज करायला पात्र होतं.

या सात वर्षांत शिकतो काय? आमच्या वेळी बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे तीन विषय तिन्ही वर्षं सारख्याच वजनाचे होते. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीत फिजिक्स एक वर्षाचंच. आता नव्या धोरणात मुख्य विषय वेगळा धरतात, ते बरं झालं. पण प्रॅक्टिकलचं काय? मी तासिकेवर असलेल्या एका कॉलेजात स्पेक्ट्रोमीटर कपाटात कुलूपबंद होता, कारण लॅब असिस्टंटची जागा रिकामी आणि फुटला तर भरून कोण देणार? पोरं सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. न्यूटन्स रिंग्ज डोळ्यांनी न पाहता पास झालेला पोरगा उद्या वर्गात प्रकाश शिकवणार.

आता निवड कशी होते ते बघा, कारण खरी गंमत इथं आहे.

सिनियर कॉलेजची सीएसआयआर-नेट २०० गुणांची. क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, सगळं कस लावून विचारतात. पात्र ठरतात ते बसलेल्यांपैकी थोडेच. परीक्षा चांगली आहे, पण वर्गापुढे उभं राहून समजावता येतं का, हे तिथं कोणी विचारत नाही.

शाळा आणि ज्युनियर कॉलेजसाठी पवित्र पोर्टल आणि टेट परीक्षा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. फिजिक्सचे? शून्य. मराठीच्या, इतिहासाच्या आणि फिजिक्सच्या मास्तरला एकच पेपर. मुलाखतीशिवायच्या जागांवर तर निवड याच गुणांवर होते.

म्हणजे एका परीक्षेत शिकवणं नाही, दुसरीत फिजिक्स नाही. फिजिक्स शिकवता येतं का, हा एकच प्रश्न सात वर्षांत आणि नंतरच्या परीक्षांत कोणी धड विचारत नाही. बी.एड.मध्ये इंटर्नशिपचे २० आठवडे आहेत. तिथं खरं शिकता येतं, पण काही ठिकाणी ती हजेरी कशी 'ॲडजस्ट' होते हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि ही परीक्षा तरी दरवर्षी होते का? पहिली झाली २०१७ च्या डिसेंबरात. दुसरी थेट २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. माझ्यासारखे जे २०१८ ला बी.एड. होऊन बाहेर पडले, त्यांनी पाच वर्षं नुसती वाट पाहिली. या पाच वर्षांत कोणाचं लग्न थांबलं, कोणी मेडिकल स्टोअरला लागलं, कोणी शेतीकडे वळलं. बरेच चांगले मास्तर आपण असेच घालवले.

पैशाचंही सरळ सांगतो. सिनियर कॉलेजच्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. ज्युनियर कॉलेजला लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना २०,००० रुपये. आणि तासिकेवाल्याला जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. जे मिळायचे तेही महिनोन्‌महिने उशिरा. तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम, तीच पोरं. म्हणून फिजिक्स चांगलं शिकवणारा माणूस शेवटी कोचिंगमध्ये जातो. ज्या पोराच्या बापाजवळ कोचिंगची फी आहे त्याला तो मिळतो. तेल्हाऱ्याच्या किंवा धारणीच्या कॉलेजात बसलेल्या पोरीला मिळत नाही.

मग पोरांना मी 'नको येऊ' म्हणतो का? नाही म्हणत. कारण आपल्याकडे फिजिक्स शिकवायला साहित्याचा तुटवडा नाही. मे महिन्यात कूलर गार हवा देतो आणि जुलैमध्ये तोच कूलर अंग चिकट करतो, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मेमध्ये हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जुलैमध्ये हवेतच ओल असते, पाणी उडतच नाही. २०२४ च्या मेमध्ये ज्या अकोल्यात उन्हामुळं जमावबंदी लावावी लागली, तिथल्या पोराला बाष्पीभवन पुस्तकातून पाठ करावं लागतं, याला काय म्हणावं? चिखलदऱ्याला पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं, कारण ते ११०० मीटर उंचीवर आहे. लोणारचं विवर आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत, बुलडाणा जिल्ह्यात आहे. उल्केच्या धडकेची ऊर्जा शिकवायला यापेक्षा मोठी लॅब कुठं मिळणार?

असं शिकवणं सरकारी शाळेत जमतं का? जमतं. मेळघाट ओलांडून सातपुड्याच्या पलीकडे गेलं की तेव्हाचं होशंगाबाद. तिथं १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचं काम सुरू झालं. दिल्ली विद्यापीठातले फिजिक्सचे प्राध्यापक गावच्या मास्तरांसोबत बसले. पुढं ते शेकडो शाळांत पोहोचलं. २००२ मध्ये सरकारनं बंद केलं, पण तीस वर्षं चाललं.

तर पोरांनो, माझं सांगणं एवढंच:

१) बी.एस्सी.त एकही प्रॅक्टिकल उतरवू नका. उपकरण बंद असेल तर लेखी मागा.
२) पहिल्या वर्षापासून शेजारच्या नववी-दहावीच्या दोन पोरांना फुकट शिकवा. आपल्याला काय समजलं नाही, ते तिथं कळतं.
३) भोपाळचं प्रादेशिक शिक्षण संस्थान माहीत करून घ्या. तिथं बी.एस्सी.-बी.एड. एकत्र चार वर्षांत होतं आणि महाराष्ट्रही त्यांच्या क्षेत्रात येतो. सातच्या हिशोबात एक वर्ष वाचतं.
४) पैसे देऊन लागायचा विचार करू नका. घरची दोन एकर विकून लागलेला मास्तर आधी ती दोन एकर वसूल करायच्या मागे लागतो.

आणि मोठ्यांनो, तुम्हालाही एक काम आहे. अमरावती विभागातून विधान परिषदेवर दोन खास आमदार जातात, एक शिक्षकांचा, एक पदवीधरांचा. पुढच्या वेळी मत मागायला आले की तीन गोष्टी विचारा. शिक्षक भरतीची परीक्षा दरवर्षी ठरल्या महिन्यात होणार का? त्यात ज्याचा त्याचा विषय आणि वर्गात प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावणार का? मास्तर आणि लॅब असिस्टंटच्या रिकाम्या जागा कधी भरणार?

पदवीधर असून मतदार यादीत नाव नसेल तर ते आधी नोंदवा. या यादीत नाव आपोआप येत नाही, अर्ज भरावा लागतो. आणि ज्यांच्या घरी यंदा बारावी झालेलं पोरगं-पोरगी आहे, त्यांना ही पोस्ट वाचायला द्या. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, उत्तर देतो.