संगीत हवे, सक्ती नको

आम्ही भावंडांनी वडिलांच्या आठवणींची वेबसाइट घरीच तयार केली. तीत त्यांचे फोटो आहेत आणि जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली त्यांची पेटीची धून. धाकट्याचे म्हणणे पडले, पान उघडताच ती आपोआप वाजावी.

१९९०च्या दशकात अशीच रीत होती. जिओसिटीजवर लोक घरची पाने सजवीत आणि मागे मिडी संगीत लावीत. मिडी फाइलीत आवाज नसतो. कोणता सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा, एवढ्या सूचना असतात. म्हणून ती लहान असे आणि टेलिफोनच्या तारेवरूनही लवकर येई.

२०१८ पासून मात्र क्रोम ब्राउझर वाचकाने बोट लावल्याशिवाय सहसा आवाज सुरू होऊ देत नाही. हे आम्हाला पटले. एका खोलीच्या घरात कुणी रात्रपाळी करून झोपलेले असते, कुणी अभ्यासाला बसलेले. शिवाय ती धून ऐकायला आईला मन घट्ट करावे लागते. कधी ऐकायची, हे तिनेच ठरवावे.

म्हणून फोटोखाली ‘ऐका’ असे बटण ठेवले. आईने अजून ते दाबलेले नाही; पण रोज फोटो पाहते.

वाचकहो, घरच्या वेबसाइटला संगीत जरूर लावा. सुरू करण्याचा हक्क मात्र ऐकणाऱ्याकडे ठेवा.