अण्णांची हेराल्ड आणि माझं परिग्रह परिमाण



मागच्या लेखानंतर एकीने विचारलं, "तुम्ही अपरिग्रहावर लिहिता आणि दारात जुनी गाडी दुरुस्त करत बसता, हे कसं?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

माझं माहेर सांगलीचं. अण्णांचा हळदीचा व्यापार. 1965 साली त्यांनी स्टँडर्ड हेराल्ड घेतली. तेव्हा रस्त्यावर दिसायच्या मोजून तीन गाड्या: अँबेसेडर, फियाट आणि हेराल्ड. ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्ती यांनी रेखाटलेलं, आणि 1961 पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. ट्रायम्फची स्पिटफायर नावाची प्रसिद्ध स्पोर्ट्स कार याच हेराल्डच्या सांगाड्यावरून निघाली, म्हणजे आमची गाडी तिची थोरली बहीणच. इंजिन जेमतेम 948 सीसी. पण वळायची अशी, की हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या बोळातून अण्णा ती एका झटक्यात फिरवत. पुढचं अख्खं बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उलटायचं, ते बघायला गल्लीतली पोरं जमायची. कुंभोजच्या बाहुबलीला आम्ही दोन दारांच्या त्या गाडीतून सातजण जात असू!

अण्णा गेले, मग आईही गेली. गाडी गोदामात पडून होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तीही बुडाली. पाणी ओसरल्यावर सीटपर्यंत गाळ.

पुढे वाटण्यांचा विषय निघाला. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू होतो. हे मला माहीत होतं, बी.कॉम. काय उगाच झाले? तरीही घर आणि गोदामाच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली, समजून-उमजून केली. भावांचा संसार तिथे आहे. फक्त म्हटलं, "दादा, गाडी मला द्या." दोघे हसले. भंगारवाला वजनावर भाव करून गेला होता. धाकट्याची बायको मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "वन्सं, एवढंच मागितलंत?" त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फॉर्म 31 भरून गाडी नावावर झाली आणि ट्रेलरवरून साताऱ्याला आली. आता खरा पेच. मी घेतलेल्या परिग्रह परिमाण व्रतात वाहनं दोनच: यांची कार आणि माझी स्कूटी. तिसरं वाहन घरात घ्यायचं तर एक जायला हवं. म्हणून स्कूटी विकली आणि ते पैसे हेराल्डच्या खर्चाला धरले. खर्चाचीही मर्यादा ठरवली आणि वेगळी वही घातली. भाजीला आता चालत जाते, गुडघ्यांनाही बरं.

साताऱ्याचे मिस्त्री गाडी बघून म्हणाले, "काकू, या इंजिनाचा नाद सोडा. मारुतीचं बसवून देतो, पळंल बघा." मी नको म्हटलं. 2021 च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. जुना नंबर मात्र ठेवता येतो.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. तिथे खाली पितळी सांधा असतो, त्यातल्या आट्यांवर चाकाची उभी दांडी फिरते. मिस्त्री ग्रीसगन घेऊनच आले. मी अण्णांची गाडीची वही काढली. त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "पुढील सांधे – गिअर ऑइल. ग्रीस नको." कारण सरळ आहे. घट्ट ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, दांडी गंजते आणि एक दिवस मोडून चाक आडवं होतं. उघडून बघितलं तर उजवी दांडी पुराच्या पाण्याने खाल्लेली. स्पिटफायरच्या शौकिनांमुळे हे भाग इंग्लंडमध्ये अजून मिळतात, तिथून मागवले. पाने मात्र इंची लागले. ते मिस्त्रींच्या वडिलांच्या पेटीत निघाले. दोन वडिलांनी मिळून एक चाक सरळ केलं म्हणायचं.

सीटवाल्याने अस्सल चामडं सुचवलं, "शान वाढेल." त्यावर चर्चा करायचं कारणच नव्हतं. अण्णांच्या वेळीही रेक्झिनच होतं, आताही रेक्झिनच.

आता वहीतला एक हिशेब सांगते. कॉलेजात घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. सरळ पद्धतीत दरवर्षी सारखी रक्कम वजा करता करता वस्तूची किंमत संपते. घटत्या शिलकीच्या पद्धतीत 15 टक्क्यांनी 100 चे 85, 85 चे 72.25 असं होत जातं. पन्नास वर्षांनी शंभर रुपयांचे जेमतेम तीन पैसे उरतात, पण शून्य कधीच होत नाही. भंगारवाल्याने पहिली पद्धत लावली, मी दुसरी.

तर मग हा परिग्रह नाही का? आपल्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूंच्या संख्येत नाही, त्यांच्यावरच्या आसक्तीत सांगितली आहे. म्हणून स्वतःला तपासते. व्हिंटेज नोंदणी झाल्यावर ही गाडी रोज फिरवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे मिरवायचीही सोय फारशी नाही. शिवाय वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय: माझ्यामागे गाडी माझ्या लेकीला, आणि ती नको म्हणाली तर ज्याला सांधे उघडून तेल घालायची हौस असेल त्याला.

हे लिहिताना हात थोडा जड झाला, म्हणजे आसक्ती अजून आहे. पर्युषणात त्यावर काम करू! तुमच्याकडे माहेरची अशी कोणती वस्तू आहे, आणि ती तुम्ही कोणत्या पद्धतीने मोजता? जरूर कळवा.

जय जिनेंद्र.